शूर्पारक ते नालासोपारा

द्वितीय वर्ष कला

चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलने विरारकडे जाताना विरारच्या अलीकडचे स्टेशन म्हणजे नालासोपारा. मुंबईत काम मिळाले परंतु मुंबईतील खोलीचे भाडे परवडत नाही, अशा माणसांची ही वस्ती. आमच्या माढा तालुक्यातील मुलेही तेथे राहतात. अशा गावाला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु मुंबई ही नुसती सात बेटे होती, त्या काळी सोपारा हे नावाजलेले बंदर होते.

त्याचे जुने नाव शूर्पारक. महाभारतात ते आढळते. सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात येथे आपले लेख कोरविले. त्यांपैकी आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला, व नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. राजाज्ञा कोरावयाची ती वर्दळीच्या जागी, हे उघडच आहे. पुढे इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे सागरी प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात सोपारा व कल्याण ही बंदरे आहेत, तसेच पैठण आणि तगरही आहे. तगर म्हणजे आपल्या बार्शीपलीकडचे तेर!

सोपाऱ्यात एक मोठे टेकाड होते. लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. शूर्प म्हणजे सूप आणि सुपे विणतो तो बुरुड. तेव्हा लोकांनी राजाही बुरुडच केला असावा. हा तर्क मला कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा गोड वाटतो. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी हे टेकाड खणले, तेव्हा तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक व त्याच्याभोवती आठ लहान धातुमूर्ती. करंडकात चांदीची डबी, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची, शेवटी सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत काय? सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या! त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या, अशी श्रद्धा. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. धातुमूर्ती मात्र कित्येक शतकांनंतरच्या आहेत. म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडून बंद केला असला पाहिजे. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

पुढे खाडी गाळाने भरली, बंदर मागे पडले. १५३४ मध्ये शेजारची वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. जे काम पूर्वी खाडी करी, ते आता रूळ करू लागले: माणसे आणणे. २००९ साली नालासोपारा वसई-विरार महानगरपालिकेत गेले. २०११ च्या जनगणनेत या पालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर भरली.

नाणेघाटात पाण्याच्या एका टाक्यावर ते दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: सोपाऱ्याचा गोविंददास. कार्ल्याच्या लेण्यातील एका खांबावरही सोपाऱ्याच्या दात्याचे नाव आहे. बाहेरगावी दान करतानाही ही माणसे गावाचे नाव सोडत नसत. आज तेथे राहणारा मनुष्य गावी आला की "मुंबईला असतो" असे सांगतो. माझे मामा बारा वर्षे तेथे आहेत, पण स्तूप त्यांनी पाहिलेला नाही. पहाटेची लोकल आणि रात्रीचे परतणे, यात तो बसत नाही. दिवाळीत त्यांना गोविंददासाची हकिकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "त्याला विरार लोकलमध्ये चढावे लागत नव्हते."