हिरागाना हाताने लिहायला शिकताना

जपानी शिकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असा, की मोबाईलवर टाइप केलं की हिरागाना उमटते, जेएलपीटी परीक्षेत नुसते पर्याय निवडायचे, मग हाताने लिहायचं कशाला? माझं उत्तर साधं आहे. उद्या कारखान्यातल्या फळ्यावर जपानी माणसाने घाईत लिहिलेलं वाचता यावं, म्हणून.

आपण खडकीत बसलोय, तर इथलंच बघू. खडकीची लढाई झाली १८१७ साली. त्या काळातले पेशवे दप्तरातले कागद मोडीत आहेत. मोडी वाचायची तर लेखणी कुठून कुठे वळली, हे कळावं लागतं. हिरागानाचंही तसंच आहे. चिनी अक्षरं भराभर लिहिता लिहिता नवव्या शतकाच्या सुमारास ती घडली. 'शांत' अर्थाच्या अक्षराचा 'आ' झाला, 'भर घालणे' अर्थाच्या अक्षराचा 'का'. पूर्वी एकेका ध्वनीला अनेक रूपं होती. १९०० साली शाळांसाठी एकेक ठरलं. आज मूळ अक्षरं ४६ आहेत.

म्हणून अक्षर चित्रासारखं काढू नका, क्रमाने लिहा. साधारण नियम असा, की वरून खाली, डावीकडून उजवीकडे. घाईत रेघा एकमेकींत मिसळतात, पण क्रम तोच असला तर वाचणाऱ्याला अक्षर लागतं. रेघेचा शेवटही तीन तऱ्हेचा असतो. 'तोमे' म्हणजे थांबणं, 'हाने' म्हणजे टोकाला झटका, आणि 'हाराई' म्हणजे दाब कमी करत रेघ सोडून देणं.

आता 'की' घ्या. दोन आडव्या रेघा, एक तिरकी, खाली एक वळण. छापील अक्षरात तिरकी रेघ आणि वळण बहुतेक वेळा जोडलेलं दिसतं. हाताने लिहिताना ते सुटं असतं. 'सा'चंही तेच, फक्त आडवी रेघ एकच. स्क्रीनवरून गिरवणारे नेमके इथे अडतात.

आपली आणखी एक सवय आड येते. देवनागरीत आपण अक्षर शिरोरेषेला टांगतो. तिथे रेषाच नाही. अक्षर चौकटीच्या मधोमध बसवायचं. गणिताची चौकटीची वही घ्या, चार घरांचं एक घर धरा. मधली फुली आपोआप मिळते, आणि वळण कुठल्या घरात पडतं ते दिसतं.

एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना... हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला. तेव्हा पाठांतराचं ओझं कमी. रोज एक ओळ घ्या. आधी बघून लिहा, मग वही झाकून लिहा, आणि दुसऱ्या दिवशी नवी ओळ घेण्याआधी कालची एकदा न बघता लिहून पाहा. दहा ओळी दहा दिवसांत होतात. उरलेला एकटा 'न' शेवटच्या दिवशी उरकून टाका.