दीड कोटींचा दुष्काळविमा

आपत्ती येण्याआधीच तिच्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढावी, ही कल्पना भारतीय प्रशासनात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, १८७८ मध्ये, ‘दुष्काळ विमा अनुदान’ या नावाने हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकात दाखल झाली होती. त्या अनुदानाचा इतिहास आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. परंतु पूर्वतयारीसाठी राखलेला पैसा पूर्वतयारीवरच खर्च होईल याची हमी कोण देणार, हा आजही न सुटलेला प्रश्न त्या अनुदानावरून झालेल्या वादात जितक्या स्पष्टपणे मांडला गेला, तितका तो पुढे क्वचितच मांडला गेला. आणि तो मांडण्यात पुण्याचा वाटा मोठा होता.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीत केलेली कपात, तिच्याविरुद्ध मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर मजुरांनी केलेला असहकार आणि सार्वजनिक सभेने गावोगावच्या वार्ताहरांकडून माहिती मिळवून सरकारला धाडलेली पत्रे हा भाग परिचित आहे. सरकारला धक्का बसला तो खर्चाच्या आकड्याने. वित्तसदस्य सर जॉन स्ट्रेची यांनी हिशेब मांडला की, दुष्काळनिवारणासाठी सरकारला दर दहा वर्षांत सुमारे १५ कोटी रुपये लागतात, म्हणजे सरासरी वर्षाला दीड कोटी; तेव्हा नित्याच्या गरजांपलीकडे दरवर्षी तेवढे उत्पन्न उभारले, तर दुष्काळ आला तरी सरकार कर्जात रुतणार नाही. ‘विमा’ या संज्ञेचा येथे एवढाच अर्थ होता. विमा उतरवला होता तो सरकारच्या तिजोरीचा. शेतकऱ्याच्या पिकाचा किंवा मजुराच्या जिवाचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता.

हप्ता मात्र रयतेने भरायचा होता. त्यासाठी उत्तरेकडील काही प्रांतांत जमिनीवरील उपकर वाढवण्यात आला आणि इतरत्र ‘परवाना कर’, म्हणजे व्यापारधंदा करणाऱ्याने उत्पन्नाच्या प्रमाणात दरवर्षी भरायची रक्कम, लागू झाला. वर्षाला जेमतेम १०० रुपये मिळवणारा दुकानदार किंवा कारागीरही आरंभी त्या कराच्या कक्षेत येत होता, तर भरघोस पगार घेणारे सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक तीतून वगळले गेले होते. हा भेद लोकांच्या नजरेतून सुटण्याजोगा नव्हता. एप्रिल १८७८ मध्ये सुरत शहरात या करावरून हरताळ आणि दंगल होऊन पोलिसांना गोळीबार करावा लागला, आणि दोन वर्षांतच उत्पन्नाची किमान मर्यादा ५०० रुपयांपर्यंत वाढवून सरकारला लहान करदात्यांची सुटका करावी लागली.

कर बसवताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी विधिमंडळात निःसंदिग्ध आश्वासन दिले होते की, या मार्गाने येणारा पैसा दुष्काळासाठीच वापरला जाईल. नोव्हेंबर १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले, चांदीचे मोल घसरून विलायतेला पाठवायच्या रकमांचा बोजा वाढला, आणि १८७९ च्या अंदाजपत्रकात दुष्काळाची दीड कोटीची तरतूद स्थगित झाली. कर मात्र चालूच राहिला. त्याच वर्षी लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुसंख्य सदस्यांचा विरोध डावलून विलायती सुती कापडावरील आयात जकातीचा काही भाग माफ केला. पैशाची चणचण म्हणून दुष्काळाची तरतूद थांबवायची आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांसाठी उत्पन्न सोडायचे, या विसंगतीवर हिंदी वृत्तपत्रांनी आणि ब्रिटिश पार्लमेंटमधील विरोधकांनी टीकेची झोड उठवली.

स्ट्रेची यांचे उत्तर त्या काळी निलाजरे ठरवले गेले, तरी ते समजून घेण्यासारखे आहे. त्यांचे म्हणणे असे होते की, दुष्काळासाठी वेगळी पेटी कधी ठेवलीच नव्हती. दीड कोटीचा अर्थ सर्वसाधारण शिलकेत तेवढी भर, आणि ती शिलक चांगल्या वर्षात कर्ज टाळण्यासाठी वापरली की वाईट वर्षात कर्ज काढण्याची ऐपत टिकून राहते. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने या युक्तिवादात खोट काढणे अवघड आहे. धान्य किंवा रोकड वर्षानुवर्षे साठवण्यापेक्षा कर्ज कमी ठेवणे हीच खरी तयारी होय, असे आजचे अर्थशास्त्रज्ञही म्हणू शकतील. दोष होता तो दोन्ही बाजूंनी लाभ उठवण्यात: कर वसूल करताना तो दुष्काळासाठी आहे असे सांगायचे आणि हिशेब विचारला की स्वतंत्र निधी कधी नव्हताच असे म्हणायचे, ही सोय सरकारने स्वतःसाठी राखून ठेवली होती.

पुढच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतील. दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते वित्तसदस्यांचेच बंधू सर रिचर्ड स्ट्रेची. १८८० च्या त्यांच्या अहवालातून ‘दुष्काळ संहिता’, म्हणजे टंचाईची लक्षणे कशी ओळखावी, कामे केव्हा काढावी, मजुरी किती द्यावी, सारामाफी कोणी ठरवावी याची प्रांतवार नियमावली, तयार झाली. १८८१ पासून अनुदान पुन्हा सुरू झाले आणि त्याचा क्रम ठरला: आधी प्रत्यक्ष निवारण, मग ‘संरक्षक कामे’, म्हणजे नफा मिळो न मिळो, दुष्काळी टापूला आधार देतील असे कालवे व रेल्वेमार्ग, आणि उरलेल्या रकमेतून कर्जनिवारण. होटगीहून गदगकडे जाणारा सदर्न मराठा कंपनीचा मार्ग अशाच दुष्काळी मार्गांपैकी होता. कालव्यांपेक्षा रुळांकडे अधिक पैसा वळतो, ही हिंदी टीकाकारांची तक्रार शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. १८८५ नंतर ब्रह्मदेशाच्या युद्धाचा खर्च वाढताच अनुदान पुन्हा आखडले. शिवाय बंगाल-नागपूर आणि इंडियन मिडलंड या रेल्वे कंपन्यांचे व्याजही याच लेखाशीर्षाखाली दाखवले जाऊ लागले.

हे व्याज त्या शीर्षात कसे आले, असे विचारण्यासाठी सरकारी हिशेबाची पुस्तके वर्षामागून वर्ष वाचणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. रावबहादूर जोशी (१८५१-१९११) सरकारी शिक्षणखात्यात होते, सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि सरकारी नोकर असल्यामुळे सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकात त्यांनी लिहिलेले अर्थविषयक लेख निनावी छापले जात. १८७८ मध्ये निघालेल्या या त्रैमासिकातील कोणता लेख रानड्यांचा आणि कोणता जोशींचा, याचा घोळ अभ्यासकांना बराच काळ निस्तरावा लागला. जोशींच्या निधनानंतर, १९१२ मध्ये, पुण्याच्या आर्यभूषण छापखान्याने त्यांचे लेख आणि भाषणे एकत्र प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात भावनेला फारसे स्थान नाही. सरकारने स्वतः छापलेले आकडे घ्यायचे, ते सलग वर्षांसाठी शेजारी शेजारी मांडायचे, आणि अधिकाऱ्यांच्या विधानाला त्यांच्याच तक्त्याने उत्तर द्यायचे, ही त्यांची रीत होती. सभेच्या अर्जविनंत्यांना ‘भिक्षांदेही’ म्हणून हिणवण्याची जी प्रथा पुढे पडली, ती पाडणाऱ्यांनी हे तक्ते उघडून पाहिले होते असे दिसत नाही.

जोशींच्या या परिश्रमाचे फळ १८९७ मध्ये लंडनमध्ये दिसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे डेक्कन सभेच्या वतीने गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांना एकतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते; मुंबईचे दिनशा वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते, आणि कमिशनवर दादाभाई नौरोजी सदस्य होते. गोखल्यांच्या निवेदनामागील आकडेवारीची तयारी मुख्यतः जोशींची आणि मार्गदर्शन रानड्यांचे होते. लष्करी खर्च, विलायती नोकरांचे पगार, विनिमयाची तूट यांच्या जोडीने दुष्काळ विमा अनुदानाचाही हिशेब तेथे मागण्यात आला, आणि दिलेल्या वचनानुसार पैसा वापरला गेला नाही हे सरकारी कागदांच्याच आधारे दाखवण्यात आले. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगबंदोबस्तातील सैनिकांच्या वर्तनाबद्दल गोखल्यांनी केलेले विधान आणि परतल्यावर त्यांना मागावी लागलेली माफी यांनी सगळे झाकोळून टाकले. शालेय पुस्तकांत माफी राहिली आणि साक्ष विसरली गेली, हा गोखल्यांवर आणि त्यांच्याहून अधिक जोशींवर झालेला अन्याय म्हटला पाहिजे.

याच काळात पुण्यात दुसरी वाटही चोखाळली जात होती. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली, रानडे-गोखल्यांनी पुढल्या वर्षी डेक्कन सभा काढली, आणि १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीत छापून खेडोपाडी वाटल्या. पीक ठरावीक आणेवारीच्या खाली गेले तर सारा तहकूब होतो, काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक आहे, हे सभेच्या प्रचारकांनी शेतकऱ्यांना सांगितले. परिणामी प्रचारकांवर खटले भरले गेले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची पत्रे यापुढे स्वीकारणार नाही असे जाहीर केले. एका सभेने सरकारला जमाखर्चात गाठले, दुसरीने सरकारचाच नियम रयतेच्या हाती दिला. दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी पुढे एकमेकांची जी उणीदुणी काढली ती पाहता, एकाच वर्षी चाललेली ही दोन कामे परस्परपूरक होती हे कबूल करण्याची कोणाचीच तयारी दिसत नाही.

१९१९ च्या सुधारणांनंतर दुष्काळाचा भार प्रांतांकडे गेला आणि प्रत्येक प्रांताने दरवर्षी किती रक्कम राखावी हे नियमांच्या परिशिष्टातच ठरवण्यात आले. सर्वांत मोठा आकडा मुंबई इलाख्याचा होता, ६३ लाख ६० हजार रुपये. बंगालसारखा पाणथळ प्रांत दुष्काळापासून सुरक्षित मानला गेल्याने त्याची रक्कम अगदी किरकोळ होती. १९४३ मध्ये त्याच बंगालात लाखो माणसे मेली आणि प्रांतिक सरकारने दुष्काळ संहिता अखेरपर्यंत लागू केली नाही.

स्वातंत्र्यानंतर हा विषय वित्त आयोगांकडे आला. १९५७ मध्ये दुसऱ्या वित्त आयोगाने ‘मार्जिन मनी’ची पद्धत घातली, राज्याच्या महसुली अंदाजात निवारणासाठी एक सरासरी रक्कम धरायची आणि खर्च तिच्यापलीकडे गेला तर केंद्राकडे जायचे, अशी ती व्यवस्था होती. सर्व राज्ये मिळून ही रक्कम तेव्हा ६ कोटी १५ लाख होती. तिचा तोटा असा की, मर्यादा ओलांडली की केंद्रीय पथक, पाहणी, वाटाघाटी असे चक्र सुरू होई, आणि तक्रार जितकी मोठी तितकी मदत मोठी, अशी सवय राज्यांना लागे. यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील आठव्या आयोगाने ही रक्कम २४० कोटी ७५ लाखांवर नेऊन तिचा निम्मा भार केंद्राने उचलावा असे सुचवले. नागपूरचे एन. के. पी. साळवे, जे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष म्हणूनच अधिक आठवतात, यांच्या नवव्या आयोगाने मार्जिन मनी रद्द करून १९९० पासून प्रत्येक राज्यात ‘आपत्ती निवारण निधी’ उभारायला लावला: वर्षाला एकूण ८०४ कोटी, त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, आणि मुख्य म्हणजे पैसा सर्वसाधारण महसुलापासून वेगळा ठेवून गुंतवायचा व शिल्लक पुढच्या वर्षी न्यायची. स्ट्रेची यांनी जी पेटी नव्हती म्हटले, ती पेटी शंभराहून अधिक वर्षांनी कागदावर आली. विजय केळकरांच्या तेराव्या आयोगाने २०१० पासून तिचे रूपांतर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केले आणि प्रशिक्षण व क्षमताबांधणीसाठी ५२५ कोटींचे स्वतंत्र अनुदान सुचवले. पाच वर्षांच्या एकूण ३३ हजार कोटींहून अधिक तरतुदीपुढे ते अल्पच होते, पण पूर्वतयारीला आपले असे स्थान मिळाले.

महाराष्ट्राने मात्र याआधीच स्वतंत्र प्रयोग केला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये सुरू केलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, ज्याच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने घालायची होती. पगारदारांच्या वेतनातून महिन्याला कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये हे मुळात दुष्काळी मजुराच्या कामासाठीचे आहेत, हे कर भरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल याविषयी शंका आहे. १८७८ च्या करातून पगारदार वगळले गेले होते; येथे ओझे प्रथमच त्यांच्यावर आले, ही पागे यांच्या काळातील महाराष्ट्राची न्यायबुद्धी म्हणावी लागेल. हमी निधीतील जमा आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावतीवरून मात्र या राज्यातही पुढे वारंवार वाद झाला.

एन. के. सिंग यांच्या पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांकरिता १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपये सुचवून त्याचे भाग पाडले: दर १०० रुपयांपैकी २० रुपये ‘सौम्यीकरणा’साठी, म्हणजे आपत्तीचा धोकाच कमी करणाऱ्या कामांसाठी, ४० रुपये तातडीच्या मदतीसाठी, ३० पुनर्बांधणीसाठी आणि १० पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी. शेवटच्या तीन भागांत गरजेनुसार काही रक्कम इकडची तिकडे करता येते. परंतु सौम्यीकरणाचा निधी आणि प्रतिसादाचा निधी यांत अदलाबदल करू नये, असे आयोगाने स्पष्टपणे नोंदवले आहे. या निधींतील शिल्लक नियमाप्रमाणे गुंतवली जात नसल्याचे आक्षेप महालेखापरीक्षकांच्या राज्यवार अहवालांत गेली अनेक वर्षे येत आहेत. ते अहवाल विधिमंडळाच्या पटलावर बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवले जातात.