किरणोपचार आणि घरांतील भय

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयांत किरणोपचार घेऊन रुग्ण घरीं परतला, म्हणजे लेकरांना त्याच्या मांडीवर बसूं द्यावें कीं नाहीं, असा संशय घरच्या माणसांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. तथापि दिवा मालवल्यावर त्याचा प्रकाश भिंतींत सांठून राहत नाहीं. तद्वत् यंत्रानें बाहेरून दिलेले किरण शरीरांत उरत नाहींत. अपवाद पोटांत दिलेल्या किरणोत्सर्गी औषधाचा. थायरॉईड ग्रंथीच्या कर्करोगावर तसलें आयोडीन दिलें असतां रुग्णास कांहीं दिवस मुलें व गरोदर स्त्रिया यांपासून दूर राहावें लागतें.

मग किरण निरुपद्रवी आहेत काय? मुळींच नाहींत. त्यांच्या आघातानें पेशींतील डीएनएचे सूक्ष्म धागे तुटतात. थोडे तुटल्यास शरीर ते सांधतें. सांधा चुकल्यास पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. पुष्कळ तुटल्यास पेशी मरते, आणि याच गुणाचा उपयोग रोगट पेशींच्या नाशाकडे केला जातो.

सारा प्रश्न मात्रेचा आहे. निसर्गांतूनच जगांतील माणसास वर्षाकाठीं सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. छातीच्या क्ष-किरण चित्रानें ०.१ किंवा त्याहूनही कमी भर पडते. पोटाच्या सीटी तपासणीनें सुमारें ८. सर्वांगावर एकदम ४,००० च्या आसपास पडल्यास उपचारावांचून निम्मीं माणसें दगावतात.

म्हणून डॉक्टरांपाशीं निष्कारण सीटीचा आग्रह धरूं नये, गरोदरपण लपवूं नये. आणि भयापोटीं किरणोपचार अर्धवट सोडूं नयेत, कीं यंत्राचे किरण घेतलेल्याचें पान वेगळें मांडूं नये.