प्लास्टिकच्या गांडुळाची पाऊणशे वर्षे

अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन येथे, निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ च्या सुमारास घरीच प्लास्टिक तापवून गांडुळाच्या साच्यात ओतण्याचे प्रयोग केले, तेव्हा बास माशासाठी लाकडाची आणि धातूची कृत्रिम आमिषे चांगलीच रुळलेली होती. बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील रुंद तोंडाचा शिकारी मासा असून त्याला गळाला लावणे हा तेथे छंदही आहे आणि मोठा उद्योगही. क्रीम यांचे द्रव्य म्हणजे पीव्हीसी आणि प्लास्टिकला लवचीक ठेवणारे तेलकट रसायन, अर्थात प्लास्टिसायझर, यांचे मिश्रण होते. ते तापवून थंड केल्यावर आकार धरी, पण कडक होत नसे. पुढे या आमिषाचे रंग, वास आणि आकार कितीही वाढले, तरी त्याच्या यशाचे मूळ या मऊपणात आहे. गांडुळाशी असलेले साम्य हे दुय्यम कारण होय.

बास आपले भक्ष्य मुख्यतः ओढून घेतो. तो जबडा झटक्यात उघडतो, तोंडाची पोकळी एकदम वाढते आणि आत धावणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही खेचले जाते. लवचीक तुकडा या ओढीत दुमडून सहज आत जातो. त्यानंतर स्पर्श आणि चव यांवरून मासा निवाडा करतो. कडक वस्तू तो बहुधा लगेच थुंकतो, मऊ वस्तू मात्र थोडी अधिक वेळ तोंडात ठेवतो, आणि दोऱ्याची हालचाल ओळखून काठीला हिसका देण्यास लागणारा अवधी माणसाला त्यातूनच मिळतो.

या गुणाचा खरा कस टेक्सासमध्ये लागला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिणेकडील राज्यांत धरणे झाली, रानेच्या राने पाण्याखाली गेली आणि बुडालेल्या झाडांच्या आडोशाला बास वाढू लागला; पण तेथे उघडा गळ टाकला की तो फांदीत अडकलाच म्हणून समजावे. क्रीम यांचा व्यवसाय तोवर टेक्सासमधील टायलर येथे गेला होता. ‘टेक्सास रिग’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या मांडणीत दोऱ्यावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे ओवतात, गळ गांडुळाच्या डोक्यातून बाहेर काढून फिरवतात आणि त्याचे टोक पुन्हा अंगात खुपसून झाकतात. असे आमिष फांद्यांतून निसटत जाते आणि माशाने दाबताच, हिसक्यासरशी, टोक प्लास्टिक फाडून बाहेर येते. लाकडी आमिषाला हे साधणे शक्यच नव्हते.

१९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधील बीव्हर लेकवर बासची स्पर्धा भरवली आणि बक्षिसांच्या ईर्ष्येने नव्या आमिषांची मागणी वाढली. अलाबामाच्या टॉम मान यांची फळांच्या वासाची ‘जेली वर्म’ खूप खपली; तो वास माशापेक्षा गिऱ्हाइकालाच अधिक भुलवीत असावा.

मिठाचा परिणाम मात्र निःसंशय ठरला. प्लास्टिकमध्ये मीठ चवीसाठी घातले जाते असे सांगितले जाई, पण त्याने आमिष जडही होते. नव्वदच्या दशकात गॅरी यामामोतो यांनी आणलेले ‘सेन्को’ पाहिले तर ते बॉलपेनएवढे, पाय नाहीत, शेपटी नाही, असे अगदी ओबडधोबड दिसते. तरीही अंगच्या मिठामुळे ते शिशाविना, जवळजवळ आडवे आणि दोन्ही टोके थरथरवीत सावकाश बुडते. गळ मधोमध टोचला, म्हणजे ‘वॅकी रिग’ केली, की ही थरथर आणखी वाढते. लुसलुशीत दिसणाऱ्या कितीतरी देखण्या नकलांना या बोजड कांडीने मागे टाकले, यावरून बासला भुलवण्यात रूपापेक्षा पडण्याच्या चालीचा वाटा मोठा आहे, असेच म्हणावे लागते.

मात्र ज्या मिठाने ही चाल दिली, त्यानेच प्लास्टिक ठिसूळ केले. एक-दोन मासे लागले की सेन्को फाटते, तुकडे पाण्यात पडतात, आणि पीव्हीसी कुजत नसल्याने ते तळ्याच्या तळाशी तसेच साचून राहतात.