काळ्या मातीतला मनोरा

चिखलदऱ्याजवळ मोथ्याच्या पठारावर महाऊर्जा या सरकारी संस्थेने प्रात्यक्षिकासाठी पवनचक्क्या उभारल्या. तिथे थोडं खणलं की काळा कातळ लागतो. तसाच मनोरा खाली पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-अकोटकडच्या काळ्या रानात उभा करायचा ठरला, तर गणित पार बदलतं.

मनोऱ्याला खरी भीती वजनाची नसते, आडव्या जोराची असते. पहार लांब असली की थोड्या जोरातही धोंडा उलथतो. इथे मनोराच पहार होतो. समजा, वारा पात्यांना 50 टनांनी मागे रेटतोय आणि उंची 100 मीटर आहे. बुडाशी उलथवणारा जोर झाला 5000 टन-मीटर. म्हणून मनोरा ज्वारीच्या धांड्यासारखा बुडाशी जाड, शेंड्याशी बारीक. पण पोलादी नळी सुमारे 4.3 मीटरपेक्षा रुंद झाली, की रस्त्यावरून नेणं अवघड होतं. मग खालचा भाग काँक्रीटच्या तुकड्यांचा रचतात आणि त्यातून तारा ताणून घट्ट आवळतात, कारण काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही.

आता पाया. मनोरा, यंत्र, पाया आणि त्यावरची भरती मिळून 2000 टन धरू. 5000 भागिले 2000, म्हणजे भार मध्यापासून अडीच मीटर सरकला. गोल पायात हे सरकणं व्यासाच्या आठव्या भागापलीकडे गेलं, की वाऱ्याकडची कड जमीन सोडू लागते. 20 मीटर व्यासाला ती हद्द नेमकी अडीच मीटर! एवढ्या काठावर कुणी थांबत नाही. पाया आणखी रुंद करतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो डोलण्याचा हिशेब. तीन पाती मिनिटाला 12 फेरे घेत असतील, तर सेकंदाला 0.2 फेरा, आणि मनोऱ्यासमोरून पातं जाण्याचा ठोका 0.6. मनोऱ्याची स्वतःची लय या दोन्हींच्या मधे, दोन्हींपासून दूर हवी. नाहीतर नेमक्या वेळी ढकललेल्या झोक्यासारखा तो वाढत्या हेलकाव्यांनी डोलू लागेल. माती मऊ असली की पाया किंचित कलतो, लय मंदावते आणि 0.2 कडे घसरते. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिथे हा थर काढून मुरूम दाबून भरतात किंवा काँक्रीटचे खांब खोल घट्ट थरापर्यंत उतरवतात. त्याआधी बोअर घेऊन थराथरातली माती तपासावी लागते.