शिवीचे वजन

मराठी छापखान्यात एक खूण आहे. ती कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत, तरी वाचता येणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. ती खूण म्हणजे फुली. मजकुरात शिवी आली की तेथे दोन-चार फुल्या टाकायच्या आणि पुढे जायचे. लिहिणारा नामानिराळा राहतो, आणि वाचणारा मनातल्या मनात शब्द पुरा करून घेतो. शब्द दोघांनाही येत असतो. तो कोणाच्याच पदरी पडत नाही एवढेच. आपल्या समाजाची शिवीविषयीची एकंदर वृत्ती या फुलीत चांगली दिसते. शिवी घरात आहे, बाजारात आहे, कारखान्यात आहे, बांधावरच्या भांडणात तर आहेच. पण तिच्याविषयी चारचौघांत बोलायचे मात्र नाही.

आज तिच्याविषयीच बोलायचे आहे. आम्ही भाषाशास्त्री नव्हे. आमचे शिक्षण जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या जुन्या पुस्तकांवर. परंतु तोंडातून गेलेल्या एका शब्दापायी माणसाची नोकरी जाते, हे ज्या कामात वारंवार पाहावे लागते त्या कामात आमचे आयुष्य गेले. तेव्हा शिवी वाईट की चांगली, या वादापेक्षा तिचे वजन कशाने ठरते हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम एक भेद करू. काही शिव्या कोणालाच दिलेल्या नसतात. हातोडा अंगठ्यावर बसला, भरलेली गोणी पायावर पडली, की तोंडातून जो शब्द निघतो त्याला धनी नसतो. इंग्लंडातील कील विद्यापीठात २००९ साली याचा एक प्रयोग झाला. माणसांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. एकदा शिवी उच्चारीत, एकदा साधा शब्द उच्चारीत. शिवी उच्चारताना त्यांना कळ अधिक वेळ सोसता आली. पुढे २०११ साली त्याच संशोधकांना असेही आढळले की ज्यांना उठल्यासुटल्या शिव्या देण्याची सवय आहे, त्यांना हा लाभ कमी मिळतो. हमालाला हे सांगायला विद्यापीठ लागत नाही. शिवी हे त्याचे औषध आहे. आणि रोज घेतलेले औषध लागू पडत नाही, हेही तो जाणतो.

दुसरी जात झिजलेल्या शिव्यांची. नाणे हातोहात फिरून गुळगुळीत व्हावे तसे हे शब्द झाले आहेत. ‘च्यायला’ म्हणणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला आपण कोणाच्या आईचा उद्धार केला याची कल्पनाही नसते. कोकणातल्या सोवळ्या घरांत आजोबा नातवाला लाडाने ‘शिंच्या’ म्हणत. त्याचे मूळ ‘शिंदळीच्या’ हे आहे, आणि शिंदळी म्हणजे व्यभिचारिणी. ‘साला’ हा तर नुसता नात्याचा शब्द, बायकोचा भाऊ. त्याची शिवी झाली कारण त्यात ‘तुझी बहीण माझ्याकडे आहे’ ही बढाई दडलेली आहे. जिव्हाळ्याच्या दोन माणसांत हे शब्द मायेचेही होतात. दोस्ताने ‘लेका’ म्हटले तर राग येत नाही. तेच परक्याने म्हटले तर बाह्या वर सरतात. शब्द तोच असून वजन बदलले, म्हणजे वजन शब्दात नाही, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या संबंधात आहे, हे येथेच लक्षात येईल.

आता ही खाण कोठे आहे ते पाहू. मराठीतील जुन्या शिव्यांची यादी करून पाहावी. ‘रांड’ या शब्दाचा मूळ अर्थ विधवा. ‘बोडकी’ म्हणजे केशवपन केलेली विधवा. नवरा मेला हा बाईचा अपराध ठरला आणि त्याची शिवी झाली. ‘वांझोटी’ ही मूल न झालेल्या बाईची. मग येतात जातींची नावे. ज्यांच्या श्रमावर गाव स्वच्छ राहिले, ज्यांनी मेलेली ढोरे ओढली, त्यांच्या जातींची नावेच गावाने शिवी म्हणून वापरली. आंधळा, लंगडा, थोटा हेही त्याच रांगेत. समाजात ज्याला कोणी वाली नाही, त्याचे नाव शिवी होते. शिव्यांचा कोश म्हणजे एका परीने समाजाने उघड्यावर टाकलेल्या माणसांची जनगणनाच आहे.

कोणी म्हणेल, ही अडाणी लोकांची करणी. राज्यकर्ते आणि शिष्टजन यांचा त्याच्याशी संबंध काय? संबंध चांगला जुना आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात व अन्यत्र ‘गधेगाळ’ नावाच्या शिळा उभारीत. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र. अर्थ असा की, हे दान जो मोडील त्याच्या आईवर असा प्रसंग येवो. मुंबईत परळ येथे अपरादित्य राजाच्या काळातील, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असा लेख सापडला आहे. त्यातील दानाचा मजकूर संस्कृतात, पण शेवटची शापवाणी मात्र मराठीत आहे. ज्या परळात पुढे गिरण्यांचे भोंगे वाजले, तेथे आईवरची शिवी सातशे वर्षे आधी राजमुद्रेने प्रसिद्ध झाली होती. गिरणगावच्या कामगाराने ती शोधून काढली नाही. दान मोडणारा पुरुष, शिक्षा मात्र त्याच्या आईला, हा न्याय वरून खाली झिरपत आला आहे.

समाजाने शिवीला मुभाही दिली आहे, पण दिवस आणि जागा ठरवून. शिमग्याला बोंब मारण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांमध्ये ओढा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका त्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना हातवारे करून शिव्या देतात. यालाच ‘बोरीचा बार’ म्हणतात. दोन्ही काठ समान, दोन्हीकडे बायका, दोन्हीकडे तोंड मोकळे. वर्षभर ज्यांनी ऐकून घ्यायचे त्यांना एक दिवस बोलता येते, आणि कोणाला जखम होत नाही, कारण कोणी कोणाच्या हाताखाली नसते.

ओढ्याच्या काठावरून कारखान्यात आलो की ही समानता संपते. सुपरवायझर कामगाराला शिवी देतो तेव्हा त्या शिवीमागे त्याचा रजेचा अधिकार, पाळी बदलण्याचा अधिकार आणि ठेकेदाराला ‘उद्यापासून याला पाठवू नको’ असे सांगण्याचा अधिकार उभा असतो. कामगार उलट शिवी देतो तेव्हा त्याच्यामागे त्याचा संताप असतो, आणि घरी चार तोंडे. पहिलीला आपल्याकडे ‘काम करून घेण्याची पद्धत’ म्हणतात. दुसरीला गैरवर्तन म्हणतात.

आमच्या पाहण्यातील एका चौकशीत असेच झाले. आरोपपत्रात ‘कामगाराने अर्वाच्य भाषा वापरली’ एवढेच होते. नेमके शब्द लिहा, अशी आम्ही मागणी केली. कारण आरोप नेमका कळल्यावाचून बचाव करता येत नाही, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे. लिहून घेणारा कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, “साहेब, हे कागदावर कसं लिहू? फुल्या टाकतो.” आम्ही म्हणालो, “दादा, फुल्यांवर माणसाची नोकरी जाता कामा नये. जे बोलला ते लिहा. आणि त्याच्या आधी सुपरवायझर जे बोलले तेही लिहा.” दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली गेली, तेव्हा शिवी अक्षरशः तीच निघाली, कामगाराने फक्त ती परत केली होती. बडतर्फीची तयारी होती, ती चार दिवसांच्या निलंबनावर आली. त्या दिवशी त्या माणसाला वाचवले ते सभ्यतेने नव्हे, पूर्ण लिहिलेल्या शब्दाने.

न्यायालयांनीही हे वजन करून पाहिले आहे. १९८२ साली उत्तर प्रदेशातील एका कामगाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वरिष्ठाशी असभ्य बोलल्याबद्दल त्याला बडतर्फ केले होते. त्याची मागची चौदा वर्षांची नोकरी निष्कलंक होती. अशा भाषेतून संस्काराची उणीव दिसते हे न्यायालयाने मान्य केले. पण एका प्रसंगाच्या शब्दांसाठी भाकरी काढून घेणे अतिरेकी ठरवले आणि वेतनवाढी रोखण्याची शिक्षा पुरेशी मानली. २००५ साली महाराष्ट्रातील एका मोठ्या कंपनीच्या कामगाराबाबत त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला. इतरांदेखत वरिष्ठांना अत्यंत घाणेरडी शिवीगाळ केली होती. तेथे बडतर्फी कायम राहिली. आम्ही कामगारांना हे दोन्ही निकाल सांगतो. पहिला सांगतो तो धीर देण्यासाठी, दुसरा सांगतो तो जीभ आवरण्यासाठी. केवळ पहिलाच सांगणारा पुढारी कामगाराचा हितकर्ता नव्हे.

कायद्याने आणखी एक भेद केला आहे आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. २०२४ साली एका चित्रमालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाषा शिवराळ आहे एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही. परंतु १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांदेखत जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीत तो स्पष्ट शब्दांत घातला गेला. वरवर पाहता हे विसंगत दिसेल. कानाला झोंबणारी शिवी सुटते आणि नुसते जातीचे नाव घेतले तर शिक्षा! पण विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी कान दुखतो. दुसऱ्या ठिकाणी शेकडो वर्षांचे ओझे पुन्हा एकदा माणसाच्या पाठीवर ठेवले जाते. सावित्रीबाई फुले मुलींच्या शाळेत जात तेव्हा रस्त्यावर त्यांना शेण आणि शिव्या दोन्ही झेलाव्या लागल्या. ते शेण लुगड्यावरून धुऊन निघे. शिवीचा हेतू मात्र त्यांनी पुन्हा घराबाहेर पडू नये असा होता.

लेखनातही हीच कसोटी लावावी. भाऊ पाध्ये हे काही काळ कामगार चळवळीत काम केलेले लेखक. १९६५ साली त्यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी आली. नाक्यावरची पोरे नाक्यावर बोलतात तशीच तिच्यात बोलतात. तिच्यावर मोठे वादळ उठले, आणि ज्यांची स्वतःची लेखणी प्रतिपक्षाला झोडपण्यात प्रसिद्ध होती त्या आचार्य अत्र्यांनीही तिच्यावर कडक टीका केली. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. मुंबईच्या ज्या वस्तीकडे शहर पाठ फिरवून होते तिची भाषा प्रथमच कवितेत आली. तेथे फुल्या घालून पाहा. कविता सभ्य होणार नाही, खोटी होईल. कारण तेथे शिवी ही साक्ष आहे. ज्याने अपमान सोसला त्याला अपमानाचा शब्द जसाच्या तसा लिहिण्याचा हक्क आहे.

हा हक्क स्वस्त नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरील कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली, आणि प्रकरण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले. ज्यांनी ती छापली त्यांनी पूर्वीच माफी मागितली होती, म्हणून ते सुटले. कवीला खटल्याला तोंड द्यावे, असे ठरले. संघटनेच्या पत्रकाला एकवीस वर्षे कचेऱ्या-कोर्टे पाहावी लागली. तेव्हा कठोर शब्द छापणाऱ्याने तो कोणाच्या बाजूने छापतो आहोत हे आधीच पक्के करून घ्यावे.

मग आमचे म्हणणे काय? कळ आली म्हणून सुटलेल्या शब्दाला कोणी चाबूक मारू नये. साक्षीत, चौकशीत आणि साहित्यात शब्द पूर्ण लिहावा. पण ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने हाताखालच्याला दिलेली शिवी ही मारहाणच समजावी. आणि आई-बहिणीवरची शिवी? ती तर वर दिली काय, खाली दिली काय, समानांत दिली काय, जिने भांडण केले नाही, जी तेथे हजरही नाही, त्या बाईवरच जाऊन पडते. मालकाच्या आईनेही आमचे वेतन कापलेले नसते. म्हणून आमच्या सभांत, दारावरच्या घोषणांत ही शिवी चालू देत नाही. प्रारंभी पोरे हसतात. सभेला कामकरी बाया येऊ लागल्या, पुढच्या रांगेत बसू लागल्या, म्हणजे हसणे थांबते.

हे गावातही घडू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंड. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली त्याच तालुक्यातली ही गोष्ट. दंडाने जीभ सुधारते की नाही यावर मतभेद असतील. आमच्या दृष्टीने दंडापेक्षा ठराव मोठा, कारण त्यात गावाने फुली न टाकता, उघड सभेत, या शिवीचे ओझे बायकांवर पडते हे मान्य केले.

नगरवासीयांना आमची विनंती एवढीच. घरची मोलकरीण, जिन्यावरचा झाडूवाला, दारावरचा रखवालदार, सामान पोहोचवणारा पोरगा यांच्याशी बोलताना शब्द तोंडात येईल, तेव्हा तो सभ्य की असभ्य हे पाहण्याआधी एक विचारावे: हाच शब्द याने आपल्याला परत केला तर चालेल काय? चालणार नसेल, तर तो गिळावा. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.