क्लाउडचा सर्व्हर काढून टाकला, मग आतल्या हिशेबाचं काय होतं?

बेळगाव : दुकानाचं बिलिंग, पतसंस्थेची खाती, शाळेचे दाखले असं बरंच काही आता भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतं. हवा तेव्हा सुरू, नको तेव्हा बंद, बिल वापराइतकं. पण बंद करताना बटण चुकलं आणि बॅकअप नसला, तर वर्षाचा हिशेब जातो. हे टाळायचं तर सर्व्हरची डिस्क नेमकी कुठे असते, ते आधी पाहावं लागतं.

क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एका मोठ्या यंत्राचा भाड्याने घेतलेला तुकडा. ॲमेझॉनच्या सेवेत काही मशीनना त्याच यंत्रातली डिस्क मिळते. ती वेगवान असते, रीबूटला टिकते, पण मशीन थांबवलं की त्यातलं सगळं गेलं. टिकाऊ साठवणीसाठी वेगळा ‘व्हॉल्यूम’ घ्यायचा. ॲमेझॉनने ही सेवा २००८ मध्ये ईबीएस या नावाने सुरू केली. व्हॉल्यूम नेटवर्कवरून जोडलेला असतो. मशीन बिघडलं तर तो काढून दुसऱ्याला लावता येतो. खोली भाड्याची, तिजोरी आपली, असा प्रकार.

खरी गफलत ‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’मध्ये होते. ‘स्टॉप’ने व्हॉल्यूम जागेवर राहतो. ‘टर्मिनेट’ केलं की ऑपरेटिंग सिस्टीमचा रूट व्हॉल्यूम, आधी सेटिंग बदललेली नसेल तर, सहसा मशीनसोबतच पुसला जातो. नंतर जोडलेला व्हॉल्यूम मात्र सहसा वाचतो. म्हणून डेटाबेस रूटवर ठेवूच नये.

नवा व्हॉल्यूम कोरा असतो. तो फॉरमॅट करून मग माउंट करायचा. जुन्या मशीनवरून आणलेला किंवा स्नॅपशॉटवरून बनवलेला व्हॉल्यूम मात्र नुसता माउंट करायचा. व्हिडिओ पाहून ओळीने कमांड मारत जाणारे इथेच फसतात आणि भरलेला व्हॉल्यूम फॉरमॅट करून मोकळे होतात.

लिनक्समध्ये रीबूटनंतर व्हॉल्यूम आपोआप माउंट व्हावा म्हणून ‘एफस्टॅब’ फाइलमध्ये नोंद करतात. तिथे डिव्हाइसचं नाव न लिहिता यूयूआयडी लिहावा, कारण नाव बदलू शकतं. सोबत ‘नोफेल’ हा शब्द टाकावा, नाहीतर व्हॉल्यूम सापडला नाही तर मशीन सुरू होतानाच अडकून बसतं. मात्र ‘नोफेल’ असताना व्हॉल्यूम माउंट झाला नाही, तर बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवर लिहीत राहू शकतं. जुनी बिलं दिसेनाशी झाली तर घाबरण्याआधी माउंट तपासा.

व्हॉल्यूम एकाच झोनचा असतो. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये आणि हैदराबादचा २०२२ मध्ये सुरू झाला. मुंबईतला व्हॉल्यूम हैदराबादच्या मशीनला जोडता येत नाहीच, पण मुंबईच्याच दुसऱ्या झोनमध्येही चालत नाही. त्यासाठी स्नॅपशॉट काढून त्यावरून तिकडे नवा व्हॉल्यूम बनवावा लागतो. पहिला स्नॅपशॉट पूर्ण असतो, पुढच्यांत फक्त बदललेला भाग साठतो, त्यामुळे रोज काढला तरी खर्च आवाक्यात राहतो.

बिलाचं गणित वेगळंच. १०० जीबी घेऊन १० जीबी वापरलं तरी भाडं १०० जीबीचं. मशीन बंद असो, व्हॉल्यूम कशालाही न जोडता पडून असो, मीटर चालूच. आकार वाढवता येतो, कमी करता येत नाही. लहान हवा असेल तर नवा घ्यायचा, डेटा हलवायचा, बेरीज जुळते का बघायचं आणि मगच जुना डिलीट करायचा.